विमानाच्या उपकरणफलकावरील लाकडी विनिअर

हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या विमानात वैमानिकासमोरच्या उपकरणफलकावर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे विनिअर, चिकटवून त्याला पॉलिश करण्याची पद्धत. फलक बहुधा अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा असतो, क्वचित प्लायवुडचा किंवा कार्बनतंतूंचा. त्यावर बसणारा पापुद्रा जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा. फलकाला बळकटी देणे हे त्याचे काम नव्हे, तो केवळ शोभेसाठी असतो. पण ही शोभेची वस्तू ऊन, थरथर, विजेच्या तारा आणि वैमानिकाची नजर या सगळ्यांच्या वाटेत येते. म्हणून हे काम कपाटाच्या दाराला विनिअर मारण्याइतके सरळ राहत नाही.

विमान मुळात लाकडाचेच होते. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलमध्ये वैमानिकासमोर वार्निश केलेली फळी आणि तीत बसवलेली मोजकी उपकरणे असत. १९३१ साली आलेल्या टायगर मॉथचा फलकही प्लायवुडचा. पुढे धातूची विमाने रूढ झाली आणि फलक काळा किंवा राखाडी झाला, तो आजतागायत. घरी विमान बांधणाऱ्यांनी मात्र लाकडाशी नाते तोडले नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ च्या सुमारास फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचे इंजिन लावून एअर कँपर उडवले. ते लाकूड आणि कापडाचे विमान आजही आराखड्यांवरून बांधले जाते. इटलीच्या स्टेलिओ फ्राती यांनी आखलेले फाल्को १९५५ मध्ये प्रथम उडाले, आणि पुढे त्याचे आराखडे हौशी बांधणाऱ्यांना मिळू लागले. फाल्कोचा सांगाडाच लाकडी, त्यामुळे त्यात लाकडी फलक दिसला तर डोळ्याला खटकत नाही. या हौशी मंडळींची सर्वांत मोठी संघटना, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुरू झाली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉश येथे भरतो. तिथे रांगेने उभ्या असलेल्या विमानांच्या कॉकपिटमध्ये डोकावत फिरणे हा अनेकांचा आवडता उद्योग, आणि लाकडी फलकांची हौस पसरण्यात त्या डोकावण्याचा मोठा वाटा असावा.

रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये ओरेगॉन राज्यात सुरू केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या विमानांची किट विकणाऱ्या कंपनीच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. ही विमाने अॅल्युमिनियमची आहेत. लाकडी विमानात लाकूड आपोआप येते, या विमानांत ते बाहेरून आणून धातूवर बसवावे लागते. या नोंदीचा खरा विषय तोच आहे.

अमेरिकेच्या नियमांनुसार विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केला असेल, तर ते विमान प्रायोगिक वर्गात नोंदवता येते. कारखान्यातल्या प्रमाणित विमानाच्या आतल्या साहित्याला आगीबाबतच्या कसोट्या पार कराव्या लागतात आणि बदलांना मंजुरी घ्यावी लागते. प्रायोगिक विमानात फलकाचा निर्णय बांधणाऱ्याचा. मात्र हे विमान हौशी माणसाने बांधले आहे आणि प्रमाणित विमानांचे सुरक्षा नियम त्याला लागू पडत नाहीत, अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशा जागी लावणे सक्तीचे आहे. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा निरीक्षक बांधणीवर लक्ष ठेवतो. भारतात अशी विमाने विरळा. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली.

लाकडाची निवड

सर्वाधिक पसंती अक्रोडाला, त्यातही गाठीच्या अक्रोडाला. झाडाच्या बुंध्यावर किंवा मुळाशी वाढलेल्या गाठीतून निघालेल्या या पापुद्र्यात रेषा एका दिशेने धावत नाहीत, भोवऱ्यासारख्या फिरतात. जुन्या महागड्या मोटारींच्या डॅशबोर्डमुळे हे रूप लोकांच्या मनात ऐटीशी जोडले गेले आहे. पण गाठीचा पापुद्रा ठिसूळ असतो आणि पापडासारखा वाकडातिकडा येतो. ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्याने तो आधी नरम करावा लागतो, मग कागदांच्या थरांत वजनाखाली ठेवून सपाट आणि पुरता कोरडा होऊ द्यावा लागतो. ही पायरी गाळली की पुढे हमखास चिरा पडतात. सरळ रेषांचा अक्रोड किंवा महोगनी नवख्या हातांना अधिक सोसते.

एकाच ओंडक्यातून पाठोपाठ निघालेली पापुद्र्याची दोन पाने पुस्तक उघडल्यासारखी शेजारी मांडली की मधल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांचे प्रतिबिंब दिसते. सांधा फलकाच्या बरोबर मध्यावर हवा. तो चार-पाच मिलिमीटर जरी सरकला, तरी उपकरणांची रांग आणि लाकडाची रांग जुळत नाही, आणि ती चूक बसल्या जागेवरून रोज दिसत राहते.

आपल्याकडच्या सागवान आणि शिसवी लाकडाचे विनिअर देखणे असते. दोन्हींच्या अंगात तेल मात्र असते आणि ते गोंदाला धरू देत नाही. म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी पापुद्रा अॅसिटोनने पुसून घ्यावा लागतो. शिसवीचा सगळा वंश २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे परदेशी पाठवताना कागदपत्रांची चौकशी आधी केलेली बरी.

पत्रा आणि लाकूड

कोकणातल्या घरांची दारे पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकतात आणि उन्हाळ्यात खडखडतात. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ते रेषांच्या आडव्या दिशेने फार हलते, उभ्या दिशेने जवळजवळ हलत नाही. अॅल्युमिनियमला ओलाव्याचे सोयरसुतक नाही, पण उष्णता मानवत नाही. एक मीटर लांबीचा पत्रा तापमान ४० अंशांनी वाढले की सुमारे ०.९ मिलिमीटर लांब होतो. तितक्याच लांबीचे लाकूड रेषांच्या दिशेने त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकेच वाढते. पारदर्शक घुमटाखालचा कॉकपिट उन्हात उभा राहिला की सहज ६० अंशांच्या वर जातो, आणि तासाभरात तेच विमान थंड हवेत पोचते. म्हणजे दोन स्वभावांच्या या वस्तू प्रत्येक उड्डाणात एकमेकींना ओढत असतात, आणि त्या ओढाताणीत गोंद मधे सापडतो.

सुताराच्या हाताशी असलेला पांढरा गोंद इथे चालत नाही. त्यातले पाणी लाकडात किंवा हवेत जिरावे लागते. एका बाजूला पत्रा असल्यावर ते पाणी पापुद्र्यात शिरते आणि त्याला फुगवते. दोन्ही अंगांना लावून सुकवून टेकवायचा रबरी गोंद झटकन धरतो, पण पापुद्रा एकदा टेकला की हलवता येत नाही, आणि हा गोंद उष्णतेने मऊ होतो. असे फलक पहिल्या हंगामात सुरेख दिसतात, नंतर उपकरणांच्या भोकांच्या कडेला फुगे धरू लागतात. मागे स्वतःचाच चिकट थर असलेले विनिअर सर्वांत सोयीचे आणि उन्हात सर्वांत कमी भरवशाचे. सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी हाच या कामाचा गोंद आहे, आणि त्यात काटकसर करू नये. त्याची एकच खोड: मोकळ्या छिद्रांच्या लाकडातून तो वर पाझरतो आणि डाग पाडतो, ते डाग पॉलिशखाली काळपट दिसतात. मागे कागद लावलेले विनिअर घेतले तर हा पाझर बराच थांबतो.

पत्रा गुळगुळीत असून उपयोग नाही. खरखरीत पॅडने तो सगळीकडे घासून निस्तेज करायचा, अॅसिटोनने पुसायचा, आणि फडक्यावर काळे येणे थांबेपर्यंत पुसत राहायचे. उघड्या अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो, म्हणून घासणे आणि चिकटवणे यांत रात्र जाऊ देऊ नये. मग दाब. लाकडी ठोकळे आणि शिकंजे लावून काम होते, पण दाब सगळीकडे सारखा पडत नाही. फलक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंपाने हवा काढली की वातावरणच वजन ठेवते. पाव चौरस मीटरच्या फलकावर पूर्ण निर्वात झाल्यास ते सुमारे अडीच टन भरते, आणि कोपऱ्यांनाही तेवढाच न्याय मिळतो.

पातळ प्लायवुडवर विनिअर लावायचे असेल तर ते दोन्ही बाजूंना लावावे, नाहीतर फळी धनुष्यासारखी वाकते. पत्र्याला मागून विनिअर लागत नाही.

भोके

बहुतेक गोल उपकरणे दोन मापांत येतात: ३⅛ इंची, म्हणजे सुमारे ७९ मिलिमीटर, आणि २¼ इंची, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर. पत्र्यात ती आधीच कापून, कडा घासून घ्यावीत आणि त्यावर अखंड पापुद्रा चिकटवावा. इपॉक्सी पुरता सुकल्यावर फलक उजेडासमोर धरला की प्रत्येक भोकाच्या जागी लाकूड तांबूस उजळते. त्या उजळलेल्या वर्तुळाच्या मध्यापासून धारदार पात्याने चिरा देऊन पाकळ्या करायच्या, त्या कडेपासून दोनेक मिलिमीटर आत तोडायच्या, आणि उरलेली किनार काचकागद गुंडाळलेल्या नळकांड्याने समोरून मागे, नेहमी पत्र्याच्या दिशेने घासत न्यायची. मागून पुढे घासले तर रेषेबरोबर ढलपा उचलतो, आणि तो नेमका उपकरणाच्या कड्याबाहेर येतो. स्क्रूच्या बारीक भोकांवर आधी चिकटपट्टी लावून मग समोरून ड्रिल चालवावे. उघड्या कडांना पातळ इपॉक्सी पाजावा, कारण ओलावा पापुद्र्यात शिरतो तो कडेनेच.

विजेची एक गोष्ट नवखे विसरतात. अनेक दिवे, स्विचे आणि जुनी उपकरणे फलकाच्या पत्र्याला टेकून अर्थिंग घेतात. लाकूड, गोंद आणि पॉलिश हे तिन्ही वीजरोधक. विनिअर लावल्यावर एखादा दिवा लागत नाही किंवा इंधनाचा काटा भलतेच दाखवतो, याचे कारण बहुधा हेच असते. प्रत्येक उपकरणाला मागून अर्थिंगची स्वतंत्र तार द्यावी. स्विचच्या नटाखाली रुंद वॉशर घालावा, कारण नट थेट लाकडावर आवळला की लाकूड दबते आणि काही दिवसांनी थरथरीने नट सैल होतो. होकायंत्राच्या आसपास पितळी स्क्रू वापरतात, ते विनिअरवर शोभूनही दिसतात.

पॉलिश

फर्निचरला शोभणारी आरशासारखी चकाकी इथे दोष ठरते. सूर्य मागे असला की चकाकता फलक डोळ्यांवर येतो, आणि रात्री दिव्यांचे ठिपके त्यात दिसू लागतात. म्हणून अतिनील किरण अडवणारे दोन भागांचे पॉलियुरेथेन निस्तेज किंवा अर्धनिस्तेज लावतात. लाखेचे पॉलिश सुंदर दिसते, पण उष्णतेने मऊ पडते. नायट्रोसेल्युलोज लॅकर ज्वालाग्राही आहे, त्याला कॉकपिटमध्ये जागा देऊ नये. कितीही चांगले पॉलिश असले तरी रंग हळूहळू बदलतोच: अक्रोड उन्हाने फिकट होतो, चेरी गडद होते. काही वर्षांनी एखादे उपकरण काढून लहान कड्याचे दुसरे बसवले की जुन्या कड्याखाली झाकलेले मूळ रंगाचे वर्तुळ तसेच उघडे पडते.

स्विचांची नावे, वेगाच्या मर्यादा, प्रवाशांसाठीची सूचना हे सगळे याच फलकावर वाचता आले पाहिजे. गाठीच्या लाकडाच्या भोवऱ्यांवर बारीक अक्षरे हरवतात. अशा ठिकाणी कोरलेल्या काळ्या पट्ट्या लावाव्यात, अक्षरे थेट लाकडावर छापू नयेत. धोक्याचा लाल दिवा लाकडाच्या तांबूसपणात मिसळत असेल, तर त्याच्याभोवतीचे लाकूड काढून तिथे काळी चौकट ठेवावी. लाकूड कितीही देखणे असले तरी तिथे माघार लाकडानेच घ्यायची.

वजनाची भीती अनेकांना वाटते, ती अनाठायी आहे. पाव चौरस मीटर अक्रोडाचा ०.६ मिलिमीटर पापुद्रा शंभर ग्रॅमच्या आत भरतो. खरा प्रश्न दुरुस्तीचा. उपकरणे बदलत राहतात, आणि चिकटवलेले लाकूड पत्र्यावरून काढायला दिवस लागतात. म्हणून मूळ फलक तसाच ठेवून, पातळ पत्र्याच्या वेगळ्या तुकड्यावर विनिअर लावून तो स्क्रूंनी वर बसवणे हाच शहाणा मार्ग आहे. मूळ फलक अनेक विमानांत सांगाड्याच्या बळाचा भाग असतो, त्याला नवी भोके पाडण्याचा मोहही यामुळे टळतो. लाकडाची छपाई असलेले व्हिनाइल किंवा पाण्यावरून उचललेली छाप हे पर्याय स्वस्त आणि हलके आहेत. हात लावला की मात्र ते लाकूड नसल्याचे लगेच कळते.

फलक पूर्ण झाल्यावर त्याच गठ्ठ्यातले उरलेले पान टाकून देऊ नये. त्याच्या एका तुकड्याला तेच पॉलिश त्याच दिवशी लावावे, आणि तो तुकडा विमानाच्या कागदपत्रांबरोबर अंधारात ठेवावा. पुढे कधी पॅचची वेळ आली, तर मूळ रंग कोणता होता हे तोच सांगतो.