वणव्याला पुरून उरणारी बाभूळ आणि दातांना पुरून उरणारी बाभूळ

आफ्रिकेच्या सॅव्हानातील, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशातील, बाभूळवर्गीय झाडांविषयी लिहिताना ‘काटक’ हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. झाड वणव्यातून वाचते, जनावरांनी ओरबाडले तरी वाचते, म्हणजे ते काटक, असा तो हिशेब असतो. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, कारण वणव्याला पुरून उरणारा बांधा पाला खाणाऱ्या जनावरांपुढे बहुधा कुचकामी ठरतो, आणि उलटही तितकेच खरे आहे.

वर्गीकरणाचा मुद्दा आधी संपवतो. जुन्या अकेशिया प्रजातीतील आफ्रिकी झाडे आता मुख्यतः व्हॅचेलिया आणि सेनेगालिया या दोन प्रजातींत मोडतात. पहिलीचे काटे सरळ व जोडीने येतात, दुसरीचे आकड्यासारखे वाकलेले असतात. ओळख पटवायला हे पुरेसे आहे, पण झाड कुठे वाढेल हे त्यावरून ठरत नाही.

ते ठरते रोपाच्या वयात. वणवा काही वर्षांच्या अंतराने येतो आणि जमिनीवरचे सारे एकदम जाळून जातो. मुळांतील पिष्टाच्या साठ्यावर नवा फुटवा येतो. परंतु पुढच्या वणव्याआधी त्याचा शेंडा ज्वाळांच्या वर, साधारण २ ते ३ मीटरांवर, गेला नाही आणि खोडाची साल पुरेशी जाड झाली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून तिथे तगणारे रोप काठीसारखे सरळ वाढते आणि बाजूच्या फांद्यांवर फारशी शक्ती खर्च करत नाही. साल दुप्पट जाड झाली की आतला जिवंत थर तापायला सुमारे चौपट वेळ लागतो, आणि गवताची आग एका जागी फार वेळ थांबत नाही.

जनावरे मात्र रोज येतात आणि थोडे थोडे तोडतात. इंपाला ही हरणासारखी आफ्रिकी जनावरे आहेत; इंपाला काट्यांच्या मधून निमुळते तोंड घालून पाने टिपते. काटे तिला अडवत नाहीत, फक्त घास लहान करतात. काट्यांना ‘अभेद्य तटबंदी’ म्हणणे म्हणूनच मला खटकते. खरा बचाव आडव्या फांद्यांच्या दाट जाळीचा असतो: ती इतकी रुंद होते की मधल्या शेंड्यापर्यंत तोंड पोहोचत नाही, आणि तो आतूनच वर निसटतो. हेच जाळीदार रोप उंच गवतात असते, तर त्याचा सारा पाला ज्वाळांच्या पातळीवर राहिला असता. उलट काठीसारख्या रोपाचा एकुलता शेंडा खुडला गेला, की आगीच्या वर पोहोचण्याची त्याची संधी हुकते.

व्हॅचेलिया कारू या एकाच जातीत हे दोन्ही बांधे दिसतात: वणवे लागणाऱ्या सॅव्हानात उंच काठी, दक्षिण आफ्रिकेतील कोरड्या कारू प्रदेशात काटेरी पिंजरा. आणखी एक गैरसमज असा, की कोरड्या जागी वणवे जास्त लागतात. सॅव्हानात बहुधा उलट घडते, कारण पाऊस जास्त तिथे गवत जास्त, आणि गवत हेच वणव्याचे सरपण. दक्षिण आफ्रिकेतील ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात व्हॅचेलिया कारूची रोपे वणव्यातून सावरतात. तिथेच असलेल्या व्हॅचेलिया निलोटिकाला, म्हणजे आपल्या बाभळीला, वणवा अधिक बाधतो, मात्र चराईने गवत विरळ झालेल्या जागी ती टिकते. पूर्ण वाढलेल्या झाडाचा छत्रीसारखा माथा पाहून यातले काहीच कळत नाही. त्यासाठी डोक्याइतक्या उंचीखालची रोपे पाहावी लागतात.