सिग्नलवरचे गजरेवाले ‘जन्मजात चोर’?

फासेपारध्यांची पोरं गजरे घेऊन आली की सिग्नलवर गाड्यांच्या काचा वर जातात. ‘ही चोरांचीच जात’ हा शिक्का इंग्रजी अमलाचा. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मावरून गुन्हेगार ठरवल्या, पुढे त्यात पारधीही आले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. चौकीतला संशय मात्र शाबूत. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, म्हणजे आदिवासीच.

‘यांचा धंदाच बेकायदा’ हेही अर्धसत्य. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षणात नोंद झालेल्या, वयाची १४ वर्षं पूर्ण केलेल्या विक्रेत्याला विक्रीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. जप्त केलेला नाशवंत माल तर मागितल्या दिवशीच परत द्यायचा असतो. मोगऱ्याची टोपली रात्रीपर्यंत अडकवली, तर ती परत मिळून उपयोग काय?