आफ्रिकी लोकप्रिय गीतांमागील सत्यकथा

आफ्रिकी लोकप्रिय गीतांमागील सत्यकथा : विसाव्या शतकात आफ्रिकेतील शहरांत तबकडीवर निघालेल्या आणि पुढे जगभर गायल्या गेलेल्या गाण्यांच्या मुळाशी असलेले प्रसंग, तसेच त्या प्रसंगांविषयी गायक, त्यांचे वारस आणि श्रोते सांगत आलेल्या हकिकती. यांतली बरीच गाणी परक्या कानाला आनंदी वाटतात. ताल नाचरा, चाल दोनदा ऐकली की तोंडी बसणारी, शब्द न कळणारे. त्यामुळे घर जमीनदोस्त झाल्याचे किंवा पैशांअभावी मोडलेल्या लग्नाचे गाणे हॉटेलच्या जेवणाच्या दालनात खुशाल वाजत राहते.

याला धंद्याची रीतही कारणीभूत आहे. जोहान्सबर्ग, नैरोबी, लिओपोल्डव्हिल (आजचे किन्शासा) येथे १९३० ते १९६० या काळात निघालेल्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांच्या. तेवढ्यात प्रसंग सांगून होत नसे, नुसती खूण करता येई. कंपन्या अनेकदा ठोक रक्कम देऊन गाणे विकत घेत, आणि लेबलवर नाव कोणाचे छापायचे तेही त्याच ठरवत. गाण्यामागची गोष्ट राहिली लोकांच्या तोंडी. म्हणून यांतली कोणतीही कथा वाचताना ती कोण सांगतो आणि त्या गाण्याचे पैसे कोणाला मिळाले, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

सर्वांत जास्त तपासली गेलेली कथा ‘म्बूबे’ या झुलू गाण्याची आहे. ते रचणारा सॉलोमन लिंडा (१९०९–१९६२) दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, म्सिंगा या कोरड्या डोंगराळ मुलखात वाढला. पोरवयात त्याने गुरे राखली. कामाच्या शोधात तो जोहान्सबर्गला आला आणि गॅलो या रेकॉर्ड कंपनीत तबकड्या बांधण्याच्या कामावर लागला. शनिवार-रविवारी कामगारांच्या वसतिगृहांत गायन मंडळांच्या चढाओढी होत. लिंडाच्या ‘इव्हिनिंग बर्ड्‌स’ मंडळातले गायक पट्ट्यापट्ट्यांचे सूट घालून उतरत. खर्जात एकाऐवजी अनेक आवाज लावायचे आणि त्यावर आपला उंच, चिरका म्हणावा असा सूर मोकळा सोडायचा, ही त्याची खासियत.

१९३९ मध्ये याच कंपनीच्या स्टुडिओत त्यांनी ‘म्बूबे’ ध्वनिमुद्रित केले. म्बूबे म्हणजे सिंह. गुरांच्या मागावर आलेल्या सिंहांना लहानपणी हुसकावल्याची आठवण गाण्यामागे होती, असे सांगतात. शब्द मोजकेच : ‘उयिम्बूबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’, आणि तेच पुन्हा पुन्हा. पहिली दोन ध्वनिमुद्रणे जमली नाहीत. तिसऱ्याच्या शेवटाकडे लिंडाने आयत्या वेळी एक सुरावट घेतली, आधी न ठरवलेली. पुढे इंग्रजी शब्द बसवले गेले ते या काही सेकंदांच्या सुरावटीवर. दक्षिण आफ्रिकेत दहा वर्षांत या तबकडीच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या आणि त्या गायनशैलीलाच म्बूबे हे नाव पडले. तिच्याच वंशातली ‘इसिकाथामिया’, म्हणजे हलक्या पावलांनी नाचत गाण्याची शैली, पुढे ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’ या मंडळाने जगापुढे नेली. लिंडाला मात्र गाण्याच्या हक्कांपोटी मिळाले दहा शिलिंग.

तबकडी अमेरिकेत पोहोचली आणि लोकगीत गायक पीट सीगर याने ती ऐकून सुरावट टिपून घेतली. ‘उयिम्बूबे’ त्याच्या कानाला ‘विमोवे’ ऐकू आले, आणि ‘द वीव्हर्स’ मंडळाने १९५२ मध्ये तेच गाजवले. हे गाणे झुलू राजा शाकाविषयीचे आहे, अशी समजूतही सीगरने पुढे नेली. गुराख्याच्या सिंहाचा असा राजा झाला. १९६१ मध्ये जॉर्ज वाइस याने लिंडाच्या सुरावटीवर इंग्रजी शब्द बसवले. ‘द टोकन्स’नी गायलेले ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि सिंह राजाचा पुन्हा सिंह झाला, पण आता झोपलेला, आणि तोही जंगलात. म्सिंगाच्या माळावर जंगल कुठले? पुढच्याच वर्षी लिंडा मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. बँकेत त्याच्या नावावर पंचवीस डॉलरही नव्हते, आणि कबरीवर दगड बसायला सुमारे अठरा वर्षे गेली. सीगरने पन्नासच्या दशकात हजार डॉलरचा धनादेश पाठवला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. पण बाकीचा पैसा मधल्या मध्ये जिरला.

प्रकरण उघड्यावर आणले ते दक्षिण आफ्रिकी पत्रकार रिआन मलान याने, २००० साली. डिस्नेच्या १९९४ मधील ‘द लायन किंग’ या चित्रपटामुळे ही चाल तोवर जगभरच्या मुलांना पाठ झाली होती. वकिलांनी जुन्या ब्रिटिश साम्राज्यातले एक कलम शोधून काढले. १९११ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, कर्त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी विकलेले हक्क वारसांकडे परत येतात. ज्या साम्राज्याच्या राजवटीत दहा शिलिंगांत गाणे गेले, त्याच साम्राज्याचा कायदा लिंडाच्या मुलींच्या कामी आला. २००४ मध्ये दावा दाखल झाला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन मुलींना रॉयल्टी मिळू लागली.

शेजारच्या दक्षिण ऱ्होडेशियातील (आजचा झिंबाब्वे) ‘स्कोकियान’ची गत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. सॅक्सोफोनवादक ऑगस्ट मुसारुर्वा याच्या या धूनचे नाव हातभट्टीच्या दारूवरून आहे, तीही काळ्या वस्त्यांत चोरून गाळल्या जाणाऱ्या. १९५४ मध्ये अमेरिकेत तिच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी गाजल्या. तिथे तिला शब्द जोडले गेले आणि त्यांत स्कोकियान हे एका सुखी आफ्रिकी ठिकाणाचे नाव झाले.

‘मेडोलँड्‌स’चा गैरसमज मात्र घरच्या घरीच झाला, आणि तो गाणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. सोफियाटाउन ही जोहान्सबर्गमधली जुनी वस्ती. काळ्या माणसाला इथे स्वतःच्या नावावर जमीन घेता येत होती, ही गोष्ट त्या शहरात दुर्मीळ. दाटीवाटी, गुंडगिरी, जॅझ, चर्च, चोरटे गुत्ते, सगळे एकाच गल्लीत. वर्णभेदी सरकारने ती उठवायचे ठरवले. ९ फेब्रुवारी १९५५ रोजी सुमारे दोन हजार पोलीस उतरले आणि सामान ट्रकांत भरून लोकांना शहराबाहेर, आजच्या सोवेटोतील मेडोलँड्‌स येथे नेऊन सोडू लागले. घरे पाडायला लगेच सुरुवात झाली. नंतर त्या जागेवर गोऱ्यांसाठी नवी वसाहत उभी राहिली. तिचे नाव ‘ट्रायोम्फ’, म्हणजे विजय. जुने नाव परत यायला २००६ साल उजाडले.

स्ट्राइक विलाकाझी याने १९५६ मध्ये यावर गाणे रचले आणि नॅन्सी जेकब्स व तिच्या साथीदारांनी ते गायले. चाल खेळकर, मुखडा ‘चला मेडोलँड्‌सला’ असा. अधिकाऱ्यांना वाटले, लोक स्थलांतरावर खूश आहेत. सरकारची मर्जी बसल्याने विलाकाझीला घर लवकर मिळाले, असेही जुने लोक सांगत. पण गाणे तीन भाषांत चालते, आणि कळीची ओळ तिसरीत आहे. ‘चला’ म्हणतात ते गोरे, असे आधी येते. मग त्सोत्सी, म्हणजे वस्तीतले टपोरी पोरगे, काय म्हणतात ते त्यांच्याच त्सोत्सीताल या बोलीत येते : आम्ही हलत नाही, इथेच राहणार. हीच घोषणा तेव्हा सोफियाटाउनच्या भिंतींवर रंगवलेली होती. म्हणजे गाण्यात लपवलेले असे काही नव्हते, फक्त ती बोली सरकारी कचेरीत कोणाला येत नव्हती.

खाणकामगारांच्या आगगाडीवरील ‘स्टिमेला’ (१९७४) या दक्षिण आफ्रिकी ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला याच्या गाण्यात असा आडपडदा नाही. मासेकेला विटबँक या कोळशाच्या खाणींच्या गावात जन्मला. त्याची आजी खाणकामगारांसाठी चोरटा गुत्ता चालवत असे, आणि तिथे बसलेल्यांच्या गावाकडच्या गोष्टी पोराच्या कानावर पडत. गाण्यात तो आधी नुसता बोलतो : गाडी कुठून कुठून येते, मलावी, मोझांबिक, लेसोथो, आणि कोणाला घेऊन जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींकडे जाते. मग वाफेच्या इंजिनाची शिटी तो तोंडाने वाजवतो. ती शिटी ऐकली की शिव्या देणारी माणसे त्याने पाहिली होती.

काँगोतील ‘अँदेपाँदाँस चा चा’ला (‘स्वातंत्र्याचा चा चा’) तर प्रसंगाने थांबायलाही वेळ दिला नाही. जानेवारी १९६० मध्ये बेल्जियमच्या राजधानीत, ब्रुसेल्सला, स्वातंत्र्यासाठी गोलमेज परिषद भरली. काँगोच्या पुढाऱ्यांबरोबर जोझेफ काबासेले ऊर्फ ‘ल ग्राँ काले’ याचा ‘आफ्रिकन जॅझ’ वाद्यवृंदही तिथे आला होता. ३० जून १९६० ही स्वातंत्र्याची तारीख ठरताच काबासेलेने हॉटेल प्लाझामध्ये हे गाणे सादर केले. ताल क्यूबातला, भाषा मुख्यतः लिंगाला, गिटारवर डॉक्टर निको. आफ्रिकेतले सतरा देश त्या वर्षी स्वतंत्र झाले. रेडिओमुळे हे गाणे त्यांतल्या अनेकांच्या रस्त्यांवर नाचले गेले.

आज ते ऐकताना अंगावर काटा येतो तो मधल्या यादीमुळे. पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावे काबासेले एका दमात घेतो : कासावुबू, लुमुंबा, कलोंजी, चोम्बे. सगळे एक झाले म्हणून मिळाले, असा सूर. तबकडी अजून नवीनच होती तेव्हा, ११ जुलैला, चोम्बेने कटांगा प्रांत फोडला. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष कासावुबूने पंतप्रधान लुमुंबाला बडतर्फ केले. १७ जानेवारी १९६१ रोजी लुमुंबाला कटांगात, चोम्बेच्या माणसांच्या ताब्यात देऊन, ठार मारण्यात आले. गोलमेज परिषदेला अजून वर्षही झाले नव्हते.

नायजेरियाच्या फेला कुटी याचे ‘झोंबी’ (१९७६) उलट्या दिशेने जाते. इथे प्रसंगातून गाणे झाले नाही, गाण्यातून प्रसंग घडला. हुकूम मिळाल्याशिवाय न वळणारा, न थांबणारा, डोके न चालवणारा सैनिक म्हणजे झोंबी. फेला कवायतीचे हुकूम म्हणतो आणि गायिकांचा घोळका त्यांची टर उडवतो. लागोसची पोरे रस्त्यात सैनिक दिसला की तेच म्हणत काठ्या खांद्यावर टाकून चालत. फेलाने आपल्या घराला ‘कालाकूटा प्रजासत्ताक’ म्हटले होते. नाव त्याने तुरुंगातल्या एका कोठडीवरून उचललेले, आणि त्याचा धागा कोलकात्याच्या कुप्रसिद्ध अंधारकोठडीपर्यंत नेतात. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे एक हजार सैनिकांनी हे घर वेढले, माणसांना झोडपले आणि आग लावली. फेलाच्या आईला वरच्या मजल्याच्या खिडकीतून फेकण्यात आले. ही बाई साधी नव्हती : फुन्मिलायो रॅन्सम-कुटी हिने चाळीसच्या दशकात अबेओकुटाच्या बाजारातल्या बायकांना करांविरुद्ध उभे करून तिथल्या राजाला गादी सोडायला लावली होती. त्या जखमांतून ती उठलीच नाही आणि १९७८ मध्ये वारली. सरकारी चौकशीने ठपका ‘अज्ञात सैनिका’वर ठेवला. फेलाने ‘अननोन सोल्जर’ याच नावाचे गाणे काढले. शवपेटी घेऊन तो लष्करी राज्यकर्त्यांच्या दाराशी, डोडन बराकीत, गेला आणि मग त्या फेरीवरही गाणे केले. एका गाण्याच्या पोटी अशी आणखी दोन गाणी आली.

पूर्व आफ्रिकेतील ‘मलाइका’ या स्वाहिली गाण्यात सरकार नाही, पोलीस नाहीत, आणि तरीही भांडण सर्वांत चिवट आहे. तरुण आपल्या मलाइकाला, म्हणजे देवदूताला, सांगतो : तुझ्याशी लग्न केले असते, पण जवळ काही नाही. आपल्याकडे अनेक जातींत मुलाकडून मुलीच्या बापाला देज दिले जाई. तशी प्रथा तिथे अजून आहे, आणि गाण्यातला अडसर तोच. त्यातला ‘पेसा’ हा शब्द मराठी कानाला लगेच ओळखू येईल. तो आपला पैसाच. हिंदी महासागराच्या व्यापाराबरोबर तो तिकडे गेला. १८९० मध्ये जर्मनांनी त्यांच्या पूर्व आफ्रिकेत ‘पेसा’ नावाची तांब्याची नाणीही पाडली, ६४ पेसांचा एक रुपया. ‘पेसाने जीव हैराण केला’ या ओळीला आपल्याकडे अनुवाद लागत नाही.

गाणे ठसवले केनियाच्या फदिली विल्यम याने, साठच्या दशकाच्या आरंभी नैरोबीत. शाळकरी वयातल्या आपल्या मैत्रिणीवर ते रचल्याचे तो सांगे. टांझानियाच्या ॲडम सलीम याची बाजू वेगळी : १९४५ मध्ये नैरोबीत आपण ते रचले, कारण प्रेयसीच्या घरच्यांनी तिचे लग्न एका श्रीमंत आशियाई माणसाशी लावून दिले. पूर्व आफ्रिकेत आशियाई म्हटले की बहुधा भारतीय उपखंडातून गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. फदिलीचा जन्म १९३८ चा, तेव्हा सलीमचे साल खरे असेल तर वाद तिथेच संपतो. पण तबकडी फदिलीची होती. दोन्ही कथांत मुलगी पैशांपायी दुसरीकडे जाते, यावर मात्र दोघांचे एकमत आहे.

दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम माकेबाने ते जगभर नेले, नंतर बेनिनच्या अँजेलिक किजोने गायले. स्वाहिलीत पुरुष लग्न ‘करतो’ आणि बाईचे लग्न ‘केले जाते’. क्रियापदच वेगळे वापरतात. माकेबाने ते बदलले नाही. जगाला ठाऊक असलेल्या ‘मलाइका’त म्हणून एक बाई पुरुषाच्या क्रियापदात गाते, आणि नैरोबी-मोम्बासातल्या श्रोत्याला ती ओळ पहिल्याच कडव्यात अडखळवते.