देवाच्या बाजूने खोटे बोलावे काय?

इसवी सन २०० च्या सुमारास आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, एका ख्रिस्ती मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्याचे बिंग फुटले. प्रेषित पौल आणि थेक्ला नावाची त्याची शिष्या यांच्या कथांचे एक पुस्तक लोक आवडीने वाचत होते. ते जुने, अस्सल आहे असेच सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ते या गृहस्थांनी स्वतः रचले होते. जाब विचारल्यावर त्यांनी कबुली दिली, आणि कारण सांगितले ते असे की, पौलावरच्या प्रेमापोटी केले. त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

ही हकिकत त्या काळचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने नोंदवून ठेवली आहे. तोही काही निःस्वार्थी साक्षीदार नव्हे. थेक्लाचा दाखला देऊन स्त्रिया बाप्तिस्मा देण्याचा अधिकार मागत होत्या, हे त्याला खुपत होते. पण चांगल्या हेतूसाठी खोटे किंवा वाईट करावे काय, या आपल्या विषयासाठी त्याची एक ओळ मोलाची आहे. प्रेमापोटी केलेली बनावटही त्या मंडळीने बनावटच मानली. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या प्रेषिताचा मान वाढला, हे कारण पुरेसे ठरले नाही.

हा निवाडा आकाशातून पडला नव्हता. खुद्द पौलावर असा आरोप झाला होता की, ‘चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करा’ असे तो शिकवतो. सन ५७ च्या सुमारास रोमकरांना लिहिलेल्या पत्रात (३:८) तो याचा उल्लेख करतो आणि वाद घालण्याच्या फंदातही पडत नाही. असे म्हणणाऱ्यांना होणारी शिक्षा रास्त आहे, एवढे म्हणून पुढे जातो. त्याहून जुना प्रश्न बायबलातल्या, निर्दोष असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाचा आहे. देवाची बाजू राखायची म्हणून मित्रांनी ईयोबावर नसलेली पापे लादली, तेव्हा त्याने त्यांना विचारले: देवासाठी तुम्ही खोटे बोलणार काय? ग्रंथाच्या शेवटी देव कोपतो तो या वकिलांवरच.

पैशाच्या बाबतीत पौल तर फारच दक्ष होता. यरुशलेममधल्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख दिसला पाहिजे, असे तो करिंथकरांना लिहितो.

या प्रश्नाचा पहिला सविस्तर खल संत ऑगस्टीनने केला, आणि त्याला निमित्तही नमुनेदार होते. स्पेनमध्ये प्रिस्किलियनपंथी, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेला एक गट, लपूनछपून राहत. शपथ घ्या, ती मोडा, पण गुपित फोडू नका, असे त्यांचे वचन सांगितले जाई. कॉन्सेन्शियस नावाच्या गृहस्थाने सुचवले की, आपली माणसे त्यांच्यातलीच असल्याचे सोंग घेऊन आत शिरवावीत आणि पाखंड्यांना हुडकून काढावे. सन ४२० च्या सुमारास ऑगस्टीनने त्याला उत्तरादाखल अख्खा ग्रंथच लिहिला. त्याचा रोख साधा होता: खोटेपणा हा त्यांचा दोष आहे म्हणून आपण त्यांच्या मागे लागलो, आणि पकडायचे खोटे बोलूनच? मग उद्या आपण सत्य शिकवू लागलो की लोकांनी ते खरे कशावरून मानायचे? आणि तोंडाने नाकारून मनात श्रद्धा जपणे चालत असेल, तर हुतात्म्यांनी जीव दिला तो कशासाठी?

त्याच ग्रंथात तो स्वतःलाच अडचणीत टाकणारे उदाहरण घेतो. एक माणूस मरणाच्या दारात आहे. त्याचा मुलगा वारला आहे, पण त्याला ते ठाऊक नाही, आणि ते ऐकले तर त्याचा जीव जाईल. तो विचारतो, मुलगा कसा आहे? ऑगस्टीन कबूल करतो की, या प्रसंगापुढे आपले मन हेलावते. तरीही तो नियम सोडत नाही. त्याचा निष्कर्ष पटो न पटो, अवघड प्रसंग टाळून सोपा प्रसंग निवडायची युक्ती त्याने केली नाही.

गंमत अशी की, याच ऑगस्टीनने सन ४०८ च्या सुमारास डोनेटसपंथीयांवर, म्हणजे चर्चपासून फुटलेल्या आफ्रिकेतल्या गटावर, राजसत्तेचा बडगा उगारणे योग्य ठरवले होते. आधी त्याचा सक्तीला विरोध होता. मत का बदलले, तर कायद्याच्या धाकाने गावेच्या गावे परत आली, त्याचे स्वतःचे गावही त्यात होते, आणि हे फळ त्याच्या डोळ्यांत भरले. म्हणजे खोट्याच्या बाबतीत त्याने फळाकडे पाहिले नाही, सक्तीच्या बाबतीत पाहिले. पुढची कित्येक शतके सक्ती करणाऱ्यांना त्याचे नाव कामी आले.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने नियम नेटका बसवला: गरिबाला जेवू घालण्यासाठी चोरी केली तर हेतू चांगला असेल, पण कृत्य सरळ होत नाही. नियम स्पष्ट होता आणि मोडलाही जात होता. सम्राट कॉन्स्टन्टाइनने पश्चिमेची सत्ता पोपना दिल्याचे दानपत्र आठव्या शतकात बनवलेले होते. ते शतकानुशतके चर्चच्या कामी आले. इटालियन विद्वान लोरेन्झो वल्लाने १४४० मध्ये त्यातली लॅटिन चौथ्या शतकाची असूच शकत नाही हे दाखवले. (वल्लाचा आश्रयदाता राजा तेव्हा पोपशी भांडत होता, हेही सांगायला हवे.)

प्रॉटेस्टंटांनीही हात झटकण्याचे कारण नाही. जर्मनीतल्या हेसचा शासक फिलिप हा ल्यूथरच्या धर्मसुधारणा चळवळीचा मोठा राजकीय आधार. पहिली पत्नी हयात असताना त्याने १५४० मध्ये दुसरे लग्न केले, तेही ल्यूथरच्या गुप्त संमतीने. बोभाटा झाल्यावर, चर्चच्या भल्यासाठी साफ खोटे बोलायला काय हरकत आहे, असा ल्यूथरचा सल्ला होता. पुढे जेझुइट या कॅथलिक संघाच्या शब्दच्छलावर फ्रेंच विचारवंत पास्कलने १६५६-५७ मध्ये आसूड ओढले, आणि १६७९ मध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी तसल्या बऱ्याच सवलती निषिद्ध ठरवल्या.

विसाव्या शतकात नाझींनी हा प्रश्न पुस्तकातून बाहेर काढला. ज्यूंना लपवायचे तर खोटे कागद लागत. बालकांना वाचवण्यासाठी फारोला चकवणाऱ्या इब्री सुइणींची बायबलच्या निर्गम ग्रंथातली गोष्ट अनेकांनी पुढे केली. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेला. पण आपले हात स्वच्छ आहेत असा दावा त्याने केला नाही. दोष स्वतःवर घेऊन उभे राहावे लागते, अशी त्याची भूमिका होती. ‘हेतू चांगला, म्हणून कृत्यही चांगले’ म्हणण्यापेक्षा ही गोष्ट निराळी आहे, आणि त्याचे नाव घेणारे हा फरक सहसा गाळतात. १९६६ मध्ये अमेरिकी नीतितज्ज्ञ जोसेफ फ्लेचरने उलट टोक गाठले: साधनाचे समर्थन साध्यानेच होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३ च्या परिपत्रकात पुन्हा रोमकरांस ३:८ पुढे ठेवले.

रोजच्या व्यवहारात मात्र हा प्रश्न हिशेबवहीत येऊन बसला होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी अमेरिकी सुवार्तिक (धर्मप्रचारक) बिली ग्रॅहम यांनी सहकाऱ्यांना सांगितले की, आपापल्या खोलीत जा आणि फिरत्या सुवार्तिकांची बदनामी कशाने होते ते लिहून आणा. याद्या जवळपास सारख्याच निघाल्या: पैसा, स्त्रियांशी वर्तन, स्थानिक पाळकांवर टीका आणि फुगवलेले आकडे. सभेची उपस्थिती पोलीस किंवा अधिकारी सांगतील तीच धरायची, कमी वाटली तरी, असे ठरले. तरीही १९५० मध्ये अटलांटाच्या एका दैनिकाने दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापली: एकात हसून निरोप देणारे ग्रॅहम, दुसऱ्यात वर्गणीच्या थैल्या सांभाळणारे स्वयंसेवक. त्यानंतर त्यांनी सभेतल्या भेटरकमा घेणे सोडून संस्थेचा ठरावीक पगार घ्यायला सुरुवात केली.

जुलै १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे सुमारे १५० देशांतले सुवार्तिक जमले. इंग्लिश पाळक जॉन स्टॉट यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या करारनाम्याच्या बाराव्या कलमात त्यांनी कबुली दिली की, सुवार्तेला प्रतिसाद मिळावा या इच्छेने आपण संदेशात तडजोड केली, दबावाची तंत्रे वापरून श्रोत्यांना वळवले, आकड्यांच्या नादी लागलो आणि प्रसंगी ते अप्रामाणिकपणे वापरलेही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या सुवार्ताप्रचारक संस्थांनी एकत्र येऊन हिशेबाच्या शिस्तीसाठी परिषद स्थापन केली. वेळ साधण्यामागे एक व्यावहारिक कारणही होते: धार्मिक देणग्यांवर सरकारी कायदा आणण्याची भाषा तेव्हा अमेरिकी संसदेत सुरू झाली होती.