चॅपमन, हर्बर्ट

चॅपमन, हर्बर्ट (१९ जानेवारी १८७८ – ६ जानेवारी १९३४) हा इंग्लिश फुटबॉलपटू आणि दोन महायुद्धांदरम्यानच्या काळातील सर्वांत प्रभावी फुटबॉल-व्यवस्थापक होय. हडर्सफील्ड टाउन आणि आर्सेनल या दोन क्लबांना त्याने इंग्लंडमधील अग्रगण्य संघ बनवले. त्याआधी संघाची निवड हा बहुतेक क्लबांत संचालक मंडळाचा अधिकार असे आणि व्यवस्थापक हा मुख्यतः चिटणिसाची कामे पाहणारा पगारी नोकर असे. संघनिवड, खेळाडूंची खरेदी, सराव आणि डावपेच हे सर्व एकाच व्यक्तीच्या हाती असावे, ही आज गृहीत धरली जाणारी पद्धत इंग्लंडमध्ये रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्याच्याकडे जाते.

यॉर्कशर परगण्यातील किव्हटन पार्क या खाणवस्तीत एका कोळसा खाणकामगाराच्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याने खाणअभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि नोकरी सांभाळून तो फुटबॉल खेळत राहिला. त्याचा धाकटा भाऊ हॅरी हा खेळाडू म्हणून त्याच्यापेक्षा सरस होता. १९०३ व १९०४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल साखळीचे (लीगचे) विजेतेपद मिळवणाऱ्या शेफील्ड वेन्झडे संघात तो होता. हर्बर्टची स्वतःची कारकीर्द मात्र भटकंतीची झाली. ग्रिम्सबी टाउन, स्विंडन टाउन, नॉर्थॅम्प्टन टाउन, शेफील्ड युनायटेड, नॉट्स काउंटी आणि १९०५ ते १९०७ या काळात टॉटनम हॉटस्पर अशा अनेक क्लबांकडून तो आघाडीच्या फळीत खेळला, पण कोठेही फार काळ टिकला नाही.

१९०७ मध्ये तो नॉर्थॅम्प्टन टाउनचा खेळाडू-व्यवस्थापक झाला. सदर्न लीग या मुख्यतः दक्षिण इंग्लंडमधील क्लबांच्या स्पर्धेच्या तळाशी रेंगाळणारा हा संघ १९०८-०९ च्या हंगामात त्या स्पर्धेचा विजेता ठरला. आक्रमणाचा अतिरेक संघालाच महागात पडतो, प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ देऊन त्याच्यामागे मोकळी जागा निर्माण करावी, हे त्याचे सूत्र याच काळात तयार झाले असे मानले जाते. वॉल्टर टल या कृष्णवर्णीय खेळाडूला टॉटनममधून १९११ मध्ये नॉर्थॅम्प्टनला आणणारा व्यवस्थापक चॅपमनच होता. टल पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचा अधिकारी झाला आणि १९१८ मध्ये रणांगणावर मारला गेला.

१९१२ मध्ये चॅपमन लीड्स सिटीकडे गेला. दुसऱ्या श्रेणीतील या संघाची स्थिती दोन हंगामांत सुधारली, परंतु महायुद्धामुळे नियमित स्पर्धा थांबल्या. युद्धकाळात त्याने बार्नबो येथील दारूगोळा कारखान्यात व्यवस्थापकाचे काम पाहिले. युद्धकाळात लीड्स सिटीने खेळाडूंना नियमबाह्य मोबदला दिल्याचा आरोप १९१९ मध्ये पुढे आला. क्लबने हिशेबाची कागदपत्रे चौकशीसाठी देण्यास नकार दिला, तेव्हा त्याला साखळीतून काढून टाकण्यात आले आणि त्याच्या खेळाडूंचा लीड्समधील मेट्रोपोल हॉटेलात लिलाव झाला. चॅपमनवरही बंदी आली. मोबदला दिल्याचे सांगितले जाते त्या काळात आपण कारखान्यात कामावर होतो, हा त्याचा बचाव पुढे अपिलात मान्य झाला. कागदपत्रे उघड झालीच नसल्याने या प्रकरणातील त्याच्या वैयक्तिक जबाबदारीबद्दल ठाम विधान करणे योग्य नाही.

हडर्सफील्ड टाउनची सूत्रे त्याने १९२१ मध्ये हाती घेतली. ॲस्टन व्हिलाकडून आणलेला अनुभवी क्लेम स्टीव्हन्सन हा त्याच्या रचनेचा कणा होता. १९२२ मध्ये संघाने प्रेस्टनला १-० असे हरवून एफ. ए. चषक (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला. १९२३-२४ चे साखळी विजेतेपद फार निसटत्या फरकाने मिळाले. हडर्सफील्ड व कार्डिफ सिटी या दोघांचे ५७ गुण झाले होते. त्या वेळी निर्णय गोलफरकावर होत नसे, तर केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून येणाऱ्या सरासरीवर होई. हडर्सफील्डचे ६० व ३३, तर कार्डिफचे ६१ व ३४ गोल होते. म्हणजे फरक सुमारे ०.०२४ एवढाच होता. अखेरच्या दिवशी कार्डिफने पेनल्टी वाया घालवली नसती, तर विजेतेपद वेल्समध्ये गेले असते. १९२४-२५ मध्ये हडर्सफील्डने पुन्हा विजेतेपद मिळवले आणि त्या हंगामात एकाही सामन्यात दोनांपेक्षा जास्त गोल स्वीकारले नाहीत. १९२५-२६ चे तिसरे सलग विजेतेपद संघाने चॅपमन गेल्यानंतर मिळवले.

मे १९२५ मध्ये आर्सेनलने व्यवस्थापकपदाची जाहिरात दिली होती. भरमसाट रक्कम मोजून खेळाडू आणण्यावर विसंबणाऱ्यांनी अर्ज करू नयेत, असे अध्यक्ष हेन्री नॉरिस याने तीत बजावले होते. वर्षाला २,००० पौंड या त्या काळी अपूर्व वेतनावर चॅपमन रुजू झाला आणि ही अट लवकरच मागे पडली. संडरलँडचा आघाडीचा खेळाडू चार्ली ब्यूकन याला २,००० पौंड आणि पहिल्या हंगामातील प्रत्येक गोलामागे १०० पौंड या बोलीवर घेण्यात आले.

याच सुमारास ऑफसाइडचा नियम बदलला. आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन खेळाडू असावेत, अशी अट १८६६ पासून होती. १९२५ च्या उन्हाळ्यात ती संख्या दोनवर आली. जुन्या नियमात दोन फुलबॅकपैकी (सर्वांत मागच्या बचावपटूंपैकी) एक पुढे सरकून आक्रमकाला ऑफसाइड ठरवण्याचा सापळा लावू शकत असे आणि तो फसला तरी दुसरा मागे उरत असे. नव्या नियमाने हा आधार गेला. पहिल्या श्रेणीतील गोलांची संख्या एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेली.

३ ऑक्टोबर १९२५ रोजी आर्सेनलचा न्यूकॅसलने ७-० असा पराभव केला. ब्यूकनच्या आठवणींनुसार, सेंटर हाफला (मधल्या फळीच्या मध्यभागी खेळणाऱ्याला) दोन फुलबॅकच्या मधे मागे आणावे, हा आग्रह तो हंगामाच्या सुरुवातीपासून धरत होता आणि या पराभवानंतर झालेल्या बैठकीत चॅपमनने तो मान्य केला. पण सेंटर हाफ मागे गेला की मधल्या भागात एक माणूस कमी पडतो. ती उणीव भरण्यासाठी एका इनसाइड फॉरवर्डने (सेंटर फॉरवर्डच्या शेजारी खेळणाऱ्या आक्रमकाने) मागे येऊन खेळावे असे ठरले. ही जागा स्वतः घेण्याची ब्यूकनची तयारी होती, परंतु त्याचे गोल गमावणे चॅपमनला परवडणारे नव्हते. वेगाने फारसा पळू न शकणारा, पण चेंडू झटपट ताब्यात आणून अचूक पास देणारा अँडी नील हा राखीव खेळाडू त्यासाठी निवडला गेला आणि सेंटर हाफ जॅक बटलर मागे राहिला. दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला ४-० असे हरवले.

या रचनेचे जनकत्व नेमके कोणाचे, याबद्दल एकमत नाही. एक मत संपूर्ण श्रेय चॅपमनला देते, दुसरे ब्यूकनला. तिसऱ्या मतानुसार ही कल्पना त्या शरद ऋतूत अनेक क्लबांत एकाच वेळी आकार घेत होती. न्यूकॅसलचा सेंटर हाफ चार्ली स्पेन्सर त्याच सामन्यात मागे राहून खेळत होता असे सांगितले जाते, आणि हडर्सफील्डचा टॉम विल्सन तर नियम बदलण्यापूर्वीच बचावाकडे झुकलेला होता. उपलब्ध पुराव्याशी हे तिसरे मत अधिक जुळते. सेंटर हाफ मागे आणणे हे केवळ पहिले पाऊल होते. पुढे फुलबॅक बाजूंना सरकून विंगरवर (बगलेवरून चाल करणाऱ्या आक्रमकांवर) लक्ष ठेवू लागले, मधल्या फळीतील उरलेले दोन हाफ मधोमध येऊन प्रतिस्पर्धी इनसाइड फॉरवर्डना रोखू लागले आणि आर्सेनलचा दुसरा इनसाइड फॉरवर्डही मागे आला. पुढचे पाच खेळाडू ‘डब्ल्यू’ आणि मागचे पाच ‘एम’ या अक्षरांसारखे दिसत, म्हणून रचनेला ‘डब्ल्यूएम’ हे नाव मिळाले. हे सर्व बदल एका बैठकीत झालेले नाहीत. साधारणतः १९२६ ते १९३१ या काळात ते टप्प्याटप्प्याने झाले असावेत. एवढा काळ ही रचना घासूनपुसून पक्की करणे आणि तिच्या प्रत्येक जागेला साजेसा माणूस शोधणे, हे काम मात्र निर्विवादपणे चॅपमनचे आहे.

हर्बी रॉबर्ट्सला ऑस्वेस्ट्रीहून अवघ्या २०० पौंडांत आणून त्याने कायमचा बचावात्मक सेंटर हाफ बनवले. प्रेस्टनकडून १९२९ मध्ये ८,७५० पौंडांना घेतलेला ॲलेक्स जेम्स मागे राहून खेळ चालवी. रॉबर्ट्सने डोक्याने परतवलेला चेंडू जेम्सकडे येई आणि तो एकाच लांब पासने जो ह्यूम किंवा क्लिफ बॅस्टिन या विंगरसमोर टाकी. विंगर गोलरेषेपर्यंत न जाता तिरपे आत घुसत. १९३२-३३ मध्ये डाव्या बगलेवर खेळणाऱ्या बॅस्टिनने साखळीत ३३ गोल केले, ही या पद्धतीची सर्वांत बोलकी खूण आहे.

१९२७ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात कार्डिफकडून हार पत्करलेल्या आर्सेनलने १९३० मध्ये हडर्सफील्डलाच २-० असे हरवून चषक जिंकला. १९३०-३१ मध्ये ६६ गुण आणि १२७ गोलांसह क्लबला पहिले साखळी विजेतेपद मिळाले. १९३२-३३ मध्ये दुसरे मिळाले. त्याच हंगामात वॉल्सॉल या तिसऱ्या श्रेणीतील संघाने चषक स्पर्धेत आर्सेनलला २-० असे बाहेर काढले होते.

खेळाबाहेरच्या गोष्टींतही त्याची दृष्टी पुढची होती. २५ ऑगस्ट १९२८ रोजी आर्सेनलचे खेळाडू क्रमांक असलेले सदरे घालून उतरले. साखळीने ही पद्धत सक्तीची केली ती १९३९ मध्ये. प्रकाशझोतांतील सामन्यांचा त्याने पुरस्कार केला, पण अधिकृत सामन्यांसाठी फुटबॉल संघटनेने परवानगी दिली नाही. १९३२ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेच्या गिलेस्पी रोड स्थानकाचे नाव ‘आर्सेनल’ करवून घेण्यात तो यशस्वी झाला. लाल सदऱ्याला पांढऱ्या बाह्या १९३३ मध्ये आल्या. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक ह्यूगो माइस्ल हा त्याचा मित्र होता. १९३० मध्ये ऑस्ट्रियन गोलरक्षक रूडी हिडेन याला आणण्याचा चॅपमनचा प्रयत्न सरकारी परवान्याअभावी फसला. १९३३ मध्ये तो इंग्लंडच्या संघाबरोबर अनौपचारिक व्यवस्थापक म्हणून इटली व स्वित्झर्लंडला गेला. पहिला सामना बरोबरीत सुटला आणि दुसरा इंग्लंडने जिंकला.

जानेवारी १९३४ च्या पहिल्या दिवसांत सर्दी झालेली असतानाही तो थंडीत लागोपाठ सामने पाहत हिंडला. त्यांत आर्सेनलच्या तिसऱ्या संघाचाही एक सामना होता. न्यूमोनिया होऊन ६ जानेवारीला हेंडन येथील घरी त्याचे निधन झाले. १९३३-३४ आणि १९३४-३५ ही विजेतेपदे आर्सेनलने त्याच्या पश्चात, आधी जो शॉ व नंतर जॉर्ज ॲलिसन यांच्या हाताखाली मिळवली. ‘डब्ल्यूएम’ रचना इंग्लंडमध्ये आणखी जवळजवळ दोन दशके प्रमाण मानली गेली. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले, तेव्हा नान्दोर हिदेगकुटी हा सेंटर फॉरवर्ड मागे सरकून खेळला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचे की जागा धरून राहायचे, हा प्रश्न इंग्लंडच्या सेंटर हाफला सोडवता आला नाही.