टॉकीज : कोकणातील एकपडदा चित्रपटगृहे

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांत, मुख्यतः तालुक्याच्या आणि बंदराच्या गावी, विसाव्या शतकात उभी राहिलेली एकच पडदा व एकच प्रेक्षागार असलेली चित्रपटगृहे. लोकांच्या तोंडी ती ‘टॉकीज’ किंवा नुसते ‘थेटर’ अशीच राहिली. मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला आणि १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. त्या शहराशी कोकणाचे नाते पोटापाण्याचे असल्यामुळे सिनेमाची ओढ इथे पडद्याच्या आधीच पोहोचली होती. सुटीला आलेला चाकरमानी पाहिलेल्या चित्रपटाची कथा ओटीवर बसून सांगे आणि गाव ती ऐके. पडदा आला तो आधी फिरत्या तंबूतून, पावसाळा संपल्यावर उघड्या मैदानात. पक्क्या इमारती त्यानंतरच्या.

या इमारतींची घडण त्या त्या गावच्या सामग्रीतून झाली. भिंती जांभ्या दगडाच्या, वर कौले किंवा पत्रा, पुढे तिकिटाची लहान खिडकी आणि रांगेसाठी लोखंडी कठडा. आत पडद्यालगत बाकडी, मागे खुर्च्या आणि ऐपत असेल तिथे बाल्कनी. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्टीत पत्र्यावर सर कोसळू लागली की संवाद ऐकू येत नसत आणि ओळखीच्या गाण्यापुरते प्रेक्षकच सूर धरत. खाऱ्या, दमट हवेत यंत्राचे लोखंड गंजे, पडद्याच्या कापडावर बुरशीचे डाग उमटत आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने चिकट होई. कोकणात टॉकीज चालवणे म्हणजे वर्षातले चार महिने हवेशी झुंजणे होते. इथल्या ऑपरेटरांनी ही झुंज पुस्तकाविना, हाताच्या अनुभवावर चालवली. त्यांच्या या कसबाची नोंद चित्रपटाच्या इतिहासलेखनात जवळजवळ झालेलीच नाही, हे मोठे उणेपण मानले पाहिजे.

ऑपरेटरचे काम नुसते यंत्र सुरू करण्याचे नव्हते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या गतीने चालते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. २,००० फुटांचे एक रीळ साधारण २२ मिनिटांत संपते, त्यामुळे अडीच तासांच्या चित्रपटाला सात रिळे तरी लागत. दोन यंत्रे असतील तर एक रीळ संपता संपता दुसऱ्या यंत्रावरचे नेमक्या क्षणी सुरू करावे लागे, आणि एकच यंत्र असेल तर प्रत्येक रिळानंतर दिवे लागत. प्रकाश दोन कार्बन कांड्यांमधल्या ठिणगीचा असे. कांड्या जळून आखूड होत तसे त्यांच्यातले अंतर सतत जुळवत राहावे लागे. जरा नजर हटली की पडदा पिवळा पडे आणि खालून शिट्ट्या सुरू होत. फिल्म तुटली तर ती खरवडून, ‘सिमेंट’ म्हणजे फिल्म जोडण्याचा चिकट द्रव लावून सांधायची, आणि त्या सांध्यात दोन-चार चौकटी कायमच्या जात. म्हणून गावोगाव फिरून आलेल्या जुन्या प्रिंटमध्ये गाण्यांच्या ओळी अर्ध्यावर तुटलेल्या असत.

चित्रपट येई तो पत्र्याच्या पेट्यांतून. वितरकांची कार्यालये मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, विशेषतः नाझ चित्रपटगृहाच्या इमारतीत होती, आणि व्यवहार ठरलेल्या भाड्यावर किंवा टक्केवारीवर होत असे. प्रिंट काढणे खर्चिक असल्याने त्या मोजक्याच निघत. त्या आधी मोठ्या शहरांत चालत आणि महिन्यांनी कोकणात येत. पेट्या एस.टी.च्या टपावरून उतरल्या की बातमी बाजारभर होई आणि भोंगा लावलेली रिक्षा खेळाच्या वेळा सांगत फिरे.

एस.टी.शी टॉकीजचे नाते एवढ्यावर थांबत नव्हते. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यातील सुमारे १६ टक्के आणि सिंधुदुर्गातील १३ टक्क्यांहून कमी लोकच शहरी भागात राहत होते; अर्थात टॉकीजचा मोठा प्रेक्षक आसपासच्या वाड्यांतून येणारा होता. दुपारचा खेळ आठवडी बाजाराच्या दिवशी भरे, कारण बाजार आटोपून, सिनेमा पाहून संध्याकाळच्या गाडीने परत जाता येई. सहाचा खेळ वस्तीची गाडी सांभाळून पाहायचा आणि नऊचा फक्त गावातल्यांनी. दक्षिण कोकणात जत्रांच्या हंगामात रात्रीच्या खेळाला स्पर्धा असे ती दशावताराची, जो फुकट आणि पहाटेपर्यंत चाले. तरीही ही स्पर्धा एकमेकांना मारणारी नव्हती. दशावतारात देव-दानवांचे युद्ध पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला पौराणिक चित्रपट परका वाटत नव्हता, आणि १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा देशभर अनेक ठिकाणी लोकांनी पडद्यासमोर हात जोडले.

या प्रेक्षकांत स्त्रियांचे स्थान वेगळे होते. पुरुष मुंबईत आणि घर-शेत बायकांच्या हाती, अशा या भागात रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. देऊळ, विहीर आणि बाजार सोडले तर त्यांना एकत्र बसायला जागा नव्हती. टॉकीजने ती दिली. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा महाराष्ट्रभर बायकांच्या झुंडी लोटल्या. काम उरकून, पोरे बरोबर घेऊन, घरातल्या पुरुषाची सोबत न शोधता तीन तास काळोखात बसून मोकळेपणी रडता येणे हे केवळ करमणुकीच्या खात्यात टाकता येणार नाही.

ऱ्हासाचे कारण एकच नाही. दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले, ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आणि नव्वदीत केबल आली. हे सगळीकडेच घडले. कोकणाचे वेगळे दुखणे असे की प्रेक्षकच कमी होत गेला. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्या हंगामावर वर्षभराचे वीजबिल आणि पगार निघेनासे झाले. पुढे उपग्रहावरून येणाऱ्या डिजिटल चित्रपटांनी पेट्यांची वाट पाहणे संपवले, नवा चित्रपट मुंबईबरोबर त्याच शुक्रवारी लागू लागला. पण नव्या यंत्रणेचा खर्च लहान मालकाला झेपेना आणि कार्बन कांड्यांवर हात बसलेला ऑपरेटर बिनकामाचा झाला. १ जुलै २०१७ पासून जीएसटीत १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के कर बसला. १ जानेवारी २०१९ पासून तो १२ टक्के झाला, तोवर अनेकांचा धीर सुटला होता.

त्यावर आपत्ती आल्या. मार्च २०२० मध्ये करोनामुळे चित्रपटगृहे बंद झाली, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील छपरे उडवली, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण व महाडच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. राज्यातील चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली, पण वर्षभराहून अधिक काळ बंद राहिलेले प्रेक्षागार पुन्हा सुरू करणे म्हणजे दमट हवेने खाल्लेल्या खुर्च्या, वायरिंग आणि छप्पर नव्याने करणे. त्यातच सामायिक मालकीचा गुंता: सातबाऱ्यावर वारसांची लांबलचक यादी, त्यांतले निम्मे मुंबईला, आणि दुरुस्तीला सगळ्यांची संमती हवी. त्यामुळे विकायलाही न निघालेल्या आणि चालवताही न येणाऱ्या टॉकीज कोकणातल्या बाजारपेठांत दिसतात. काहींच्या जागी व्यापारी संकुले आली, काहींत गोदामे आहेत, काहींचे मंगल कार्यालय झाले, तर थोड्या आजही चालू आहेत.

चित्रपट, भित्तिपत्रके आणि छायाचित्रे जपण्यासाठी पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. परंतु चित्रपट जिथे दाखवले गेले त्या इमारतींचे दप्तर तिथे नाही. ते आहे परवाना देणाऱ्या जिल्हाधिकारी कार्यालयांत, नगरपरिषदांच्या बांधकाम नकाशांत आणि मालकांच्या घरी उरलेल्या वितरकांच्या करारपत्रांत. त्याहून नाशवंत आहे ते ऑपरेटर, डोअरकीपर आणि बुकिंगवर बसणारे यांच्या स्मरणातले. काचेच्या पट्टीवर हाताने रंगवलेली गावच्या सराफाची स्लाइड, वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशीच्या खेळासाठी दिला जाणारा पास, गणपतीत लावलेला मध्यरात्रीचा जादा खेळ, यांची माहिती कोणत्याही कागदावर सापडत नाही. ती सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांची कथने ध्वनिमुद्रित करण्याचे काम तालुक्याच्या वाचनालयांना व महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगे आहे.