ट्यूबलाइटच्या रेषेतून घडलेली रेसकार

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एखाद्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात रंग वाळलेले बॉनेट तपासताना कारागीर पत्र्याकडे पाहत नाही. छताच्या ट्यूबलाइटचे पत्र्यात पडलेले प्रतिबिंब पाहतो. प्रतिबिंबाची रेषा अखंड वाहत गेली तर काम जमले, आणि ती कुठे किंचित मोडली तर एरवी न दिसणारा पोचा तिथे उरलेला आहे. पवईच्या किंवा विद्याविहारच्या खोलीत संगणकावर रेसकारचे मॉडेल करणारा विद्यार्थी त्याच्या पृष्ठभागावर काळे-पांढरे झेब्रा पट्टे उमटवतो, तेव्हा तोही हेच तपासत असतो. कॉन्सेप्ट कार, म्हणजे विक्रीसाठी नव्हे तर नवी कल्पना दाखवण्यासाठी केलेली गाडी, घडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास चित्रकलेपेक्षा या पत्रेकामाशी अधिक जवळचा आहे, असे मला वाटते.

जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली डिझाइनचा स्वतंत्र विभाग उघडला आणि मातीचे मॉडेल हे गाडी घडवण्याचे मुख्य साधन बनत गेले. १९३८ ची ब्यूक वाय-जॉब ही पहिली कॉन्सेप्ट कार मानली जाते. मातीने आकार सुंदर मिळे. अडचण पुढे होती. मॉडेलवरून नकाशे, नकाशांवरून लाकडी फर्मे आणि फर्म्यांवरून पत्रा दाबण्याचे साचे, असा प्रवास होताना प्रत्येक टप्प्यावर थोडीथोडी चूक साचत जाई, आणि शेवटी मूळ आकार कोणता मानायचा यावरच वाद होत.

वक्राकार पत्रा आकड्यांत लिहून ठेवता आला तर हा वाद मिटणार होता. सित्रोएनमधील गणितज्ञ पॉल द कास्तेल्जो यांना १९५९ च्या सुमारास त्याची रीत सापडली. कंपनीने ती गुपित ठेवली. रेनोमधील अभियंते पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तशीच रीत शोधून १९६० च्या दशकात प्रसिद्ध केली, म्हणून रेषेला नाव त्यांचे लागले. त्यांच्या नेहमीच्या वापरातील रेषेला चार बिंदू पुरतात: पहिला आणि शेवटचा बिंदू रेषेवर असतात, मधले दोन सहसा रेषेबाहेर राहून तिला आपल्याकडे ओढतात. मात्र या रेषेने अचूक वर्तुळ काढता येत नाही, आणि गाडीला तर चाकांच्या कमानी असतात. प्रत्येक बिंदूला कमीजास्त वजन देऊन ही उणीव भरून काढणाऱ्या नर्ब्स पद्धतीची मांडणी केन व्हर्स्प्रिल यांच्या १९७५ च्या प्रबंधात आढळते. १९८३ मध्ये टोरांटोत स्थापन झालेल्या एलियस या सॉफ्टवेअर कंपनीने पुढे अशा रेषा थेट डिझायनरच्या हाती दिल्या.

रेंडरिंगच्या, म्हणजे संगणकातील मॉडेलवरून प्रकाश-सावलीसह चित्र तयार करण्याच्या, इतिहासातही गाडी सुरुवातीपासूनच आहे. १९७२ मध्ये युटा विद्यापीठात आयव्हन सदरलँड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सदरलँड यांच्या पत्नीच्या फोक्सवॅगन बीटलवर रंगाने खुणा केल्या आणि हाताने एकेका बिंदूचे माप घेऊन ती संगणकात उतरवली. (घरच्या मंडळींनी यावर काय म्हटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी!) अशा सपाट तुकड्यांच्या गाडीचे तुकडे नजरेत भरत. त्याच विद्यापीठातील बुई तुओंग फोंग यांनी १९७५ मध्ये त्यांच्यावर गुळगुळीत चमक पाडण्याची रीत दिली. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये डोळ्यापासून उलट दिशेने प्रकाशकिरण सोडून खरी प्रतिबिंबे मिळवली, आणि जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये वस्तूवस्तूंवरून उसळणाऱ्या सगळ्या प्रकाशाचे एकच समीकरण मांडले. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २०११ साली आलेले सायकल्स हे रेंडरिंगचे साधन ते समीकरणच सोडवते. ब्लेंडर २००२ पासून मुक्त असल्यामुळे ते वापरायला विद्यार्थ्याला पैसे मोजावे लागत नाहीत.

मुंबईत औद्योगिक डिझाइनचे शिक्षण देणारे आयडीसी केंद्र आयआयटीत १९६९ पासून आहे, आणि आयआयटी व सोमय्या महाविद्यालयाचे संघ फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेसाठी खऱ्या गाड्या बांधतात. तिथे नियमपुस्तक आधी येते. कॉन्सेप्ट रेसकारला ते बंधन नसते. फॉर्म्युला वन गाड्यांचे डिझायनर एड्रियन न्यूई यांच्या मार्गदर्शनाखाली २०१० मध्ये ग्रान टुरिझ्मो ५ या गेमसाठी घडवलेल्या रेड बुल एक्स२०१० मध्ये चाके झाकलेली होती आणि गाडीला जमिनीशी चिकटवून ठेवणारा पंखाही होता. फोर्टातील बॉम्बे हाउसमधून चालणाऱ्या टाटा मोटर्सने २०१७ मध्ये जिनिव्हात दाखवलेली रेसमो ही स्पोर्ट्स कार फोर्झा होरायझन ३ या गेममध्येही आणण्याचे जाहीर झाले होते. रस्त्यावर मात्र ती आली नाही.

पवईच्या त्या खोलीत आता रेंडर सुरू असते. गाडीवर टांगलेला लांबट आभासी दिवा म्हणजे ट्यूबलाइटच. आधी दाणेदार दिसणारे चित्र हळूहळू निवळत जाते आणि मागच्या चाकाच्या कमानीवर दिव्याची रेषा मोडलेली दिसते. दिवा थोडा सरकवला की दोष लपतो. विद्यार्थी रेंडर थांबवतो आणि कमानीचा तिसरा बिंदू पुन्हा हलवायला घेतो.